खोलीतली हवा आणि पेटीतला साप: प्रदेशाच्या हवामानानुसार सर्पपालन कसं करावं

सापाची काळजी सांगणाऱ्या तक्त्यांत दोन-तीन आकडे हमखास असतात. बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) असेल तर पेटीची उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ५५ ते ७० टक्के. आकडे बरोबरच असतात. पण ते गाठायचा रस्ता प्रत्येक प्रदेशात वेगळा असतो, हे तक्ता सांगत नाही. कोरड्या थंडीच्या प्रदेशात जाळीचं झाकण अर्धं झाकून आणि बेडिंगवर, म्हणजे तळाला पसरलेल्या भुशाच्या किंवा काथ्याच्या थरावर, पाणी शिंपडून जे साधतं, तेच दमट किनारपट्टीवर केलं तर बेडिंगला बुरशी धरते आणि सापाच्या पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात.

म्हणून उपकरणं शेवटी. आधी आपल्या खोलीतली हवा मोजायची, मग सापाला हवी असलेली हवा आणि ही हवा यांत किती फरक पडतो ते पाहायचं, आणि तेवढा फरक भरून काढण्यापुरतीच उपकरणं लावायची. ऊब कमी पडत असेल तर ती देणं सोपं असतं. उष्णताच जास्त असेल तर ती पेटीतून बाहेर काढायचं कुठलंही साधं उपकरण नाही. साप निवडण्याआधी एवढं एक लक्षात घेतलं तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

पायरी १: हवामान खात्याचा आकडा बाजूला ठेवा, खोली मोजा

वेधशाळेतला तापमापक सावलीत, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. तुमचा साप तिथे राहणार नाही. बाहेर ३८ अंश असताना तळमजल्यावरची आतली खोली ३१ वर असू शकते, आणि त्याच इमारतीतली गच्चीखालची खोली रात्री दहा वाजताही ३५ वर, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो.

किमान-कमाल नोंद ठेवणारे दोन डिजिटल तापमापक घ्या, आर्द्रताही दाखवणारे. एक पेटी जिथे ठेवायची त्या उंचीवर, दुसरा खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात. पहाटे आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास आकडे लिहून ठेवा. वर्षातला सर्वांत गरम, सर्वांत थंड आणि सर्वांत दमट असा प्रत्येकी एक आठवडा हाती आला की कामापुरतं चित्र तयार होतं. वर्षभर थांबणं शक्य नसेल तर निदान चालू ऋतूच्या नोंदी घ्या आणि उरलेल्या ऋतूंसाठी हात थोडा राखून ठेवा. सरासरी काढू नका. सरासरीने साप आजारी पडत नाही, टोकाच्या दोन दिवसांनी पडतो.

स्वस्त आर्द्रतामापक १०-१५ टक्क्यांनी सहज चुकतो, तेव्हा तो आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा. पाणी वर तरंगता कामा नये. हे झाकण आणि मापक हवाबंद डब्यात ठेवून डबा रात्रभर हलवू नका. संपृक्त मिठावरच्या हवेची आर्द्रता खोलीच्या तापमानाला ७५ टक्के असते. सकाळी मापक ६८ दाखवत असेल तर त्यावर कायम ७ मिळवायचे, आणि ते मापकाच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवायचं. नाहीतर महिन्याभराने कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पायरी २: मूळ प्रदेश नव्हे, सापाची मूळ जागा बघा

साप निवडताना लोक नकाशा बघतात: आफ्रिका म्हणजे गरम आणि कोरडं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला, आणि तिथे कोरडा ऋतू चांगलाच कोरडा असतो. पण तो दिवस काढतो उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात, जिथे हवा बाहेरच्यापेक्षा दमट आणि तापमान स्थिर असतं. त्याला उघड्या गवताळ रानाची हवा दिली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. उलट ग्रीन ट्री पायथन न्यू गिनीच्या पावसाळी जंगलातला असला तरी त्याला चोवीस तास ओलं ठेवून चालत नाही. रात्री भिजणं आणि दिवसा पानं सुकेपर्यंत वारा खेळणं ही त्याची लय आहे.

कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथे उन्हाळा दमट असतो आणि हिवाळा खरोखरचा थंड. उबदार बाजू २८ ते ३०, थंड बाजू २१ ते २४ अंश असली की तो निवांत असतो. नवख्याने समशीतोष्ण हवेत पाळायला याच्याइतका समजूतदार साप क्वचित मिळेल. केनियन सँड बोआ पूर्व आफ्रिकेच्या रखरखीत पट्ट्यातला, वाळूत डोळ्यांपर्यंत रुतून बसणारा. उबदार बाजू ३२ ते ३५ पर्यंत चालते, पण ओलसर बेडिंग त्याला मानवत नाही. आणि आशियाच्या डोंगराळ भागातला मँडरिन रॅट स्नेक दिसायला कितीही देखणा असला तरी २७-२८ अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात.

आता पहिल्या पायरीतल्या नोंदी समोर ठेवा. तुमची खोली उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे ३४ वर आणि रात्रीही ३० च्या खाली येत नसेल, तर कॉर्न स्नेक, किंगस्नेक आणि डोंगरी जाती यांचा विचार वातानुकूलन चोवीस तास चालवायची तयारी असेल तरच करा. खोली थंडीत १५ वर जात असेल तर बॉल पायथनला अडचण नाही, हीटर लागेल इतकंच. दमट किनाऱ्यावर सँड बोआ पाळता येतो, पण हवेतला ओलावा काढत बसायची तयारी हवी. माझं मत विचाराल तर ज्या जातीसाठी वर्षातले चार महिने खोलीशी झगडावं लागेल, ती जात त्या घरात आणू नये.

याच टप्प्यावर कायदाही बघायचा. अनेक देशांत स्थानिक रानटी साप पकडणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा देशी सापांना लागू होतो. परदेशी जातींसाठीही नोंदणी किंवा परवाना लागू शकतो. ‘आपल्या हवेतला साप आपल्या हवेत सुखी राहील’ हा तर्क हवामानाच्या दृष्टीने बरोबर असला तरी त्यासाठी रानातला साप घरात आणायचा नसतो. पाळायचा तो कायदेशीर प्रजननातून आलेलाच.

पायरी ३: आर्द्रतेचा हिशोब समजून घ्या

या एका गोष्टीवर बहुतेक गोंधळ होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

आर्द्रतामापकावरचे टक्के हवेत पाणी किती आहे ते सांगत नाहीत. त्या तापमानाला हवा जेवढं पाणी धरू शकते, त्यातलं किती धरलंय ते सांगतात. ५ अंशांची एक घनमीटर हवा जेमतेम ६.८ ग्रॅम वाफ धरते, २२ अंशांची १९.४ ग्रॅम, ३२ अंशांची जवळपास ३४ ग्रॅम.

थंड प्रदेशातला हिवाळा घ्या. बाहेर ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे हवेत सुमारे ५.४ ग्रॅम पाणी. हीच हवा घरात येऊन २२ अंशांवर तापली की मापक दाखवतो २८ टक्के. ती सापाच्या उबदार बाजूला ३२ वर गेली की १६ टक्के. बाहेर ओलसर हवा आणि पेटीत वाळवंट, तेही पाण्याचा एक थेंब कुठे न जाता. थंड प्रदेशांत कात अडकण्याच्या तक्रारी हिवाळ्यात का वाढतात ते यातून कळतं. हीटर जितका जोरात, तितकी हवा कोरडी.

आता दमट उष्ण प्रदेश. खोलीत ३० अंश आणि ८५ टक्के, म्हणजे हवेत जवळपास २६ ग्रॅम पाणी. २६ अंशांची हवा धरू शकते २४.४ ग्रॅम. त्यामुळे पेटीचा एखादा भाग २६ पर्यंत थंड झाला, उदाहरणार्थ एसीच्या झोतासमोरची काच किंवा फरशीला टेकलेला तळ, तर जादा पाणी तिथे थेंबांनी बसतं. काचेवरचे थेंब दिसतात तरी, तळाच्या थराखाली साचलेलं पाणी दिसत नाही. आठवड्यातून एकदा थंड बाजूच्या कोपऱ्यात बोट खुपसून तळ चाचपा. बेडिंग मुठीत दाबल्यावर पाणी गळत असेल, किंवा आंबूस वास येत असेल, तर मापकावर काहीही असो, ते बदलायचं.

सारांश असा, की दमट प्रदेशात ऊब वाढवली की टक्के आपोआप उतरतात, आणि कोरड्या प्रदेशात ऊब वाढवली की पाणी पुरवावंच लागतं. हीटर आणि फवारणी ही दोन स्वतंत्र बटणं नाहीत.

पायरी ४: पेटी हवेप्रमाणे निवडा

वर जाळी असलेली काचेची टाकी ऊब आणि ओल दोन्ही झरझर सोडते. थंड-कोरड्या प्रदेशात ती घेतलीच असेल तर जाळीचा दोन तृतीयांश भाग अॅक्रिलिकच्या पत्र्याने झाका आणि तीन बाजूंना बाहेरून फोमचे तक्ते लावा. अशा हवेत पीव्हीसीची किंवा आतून नीट सीलबंद केलेली लाकडी पेटी खूप सोयीची. दमट उष्ण हवेत तीच पीव्हीसी पेटी कोंदट होते. तिथे समोरासमोरच्या बाजूंना, एक खाली आणि एक वर, अशा झरोक्यांची पेटी बघा, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि ताजी खालून येते. लाकूड दमट हवेत फुगतं, सांधे उघडतात आणि फटीत माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे) घर करतात.

बेडिंगचंही तसंच. अॅस्पेनचा भुसा कोरड्या हवेत उत्तम, दमट ऋतूत काळा पडतो. नारळाच्या काथ्याचे तुकडे ओल धरून ठेवतात, म्हणून कोरड्या प्रदेशात ते जाड थरात घालावेत. पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यातून ओतलं की खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो, आणि सापाचं पोट ओल्यावर टेकत नाही. पावसाळ्यात मला साधा कागदच बरा वाटतो: ओला झाला की दिसतो, आणि दोन मिनिटांत बदलता येतो. देवदार किंवा राळ असलेल्या पाइनचा भुसा कुठल्याच हवेत नको.

पायरी ५: ऊब द्या, पण सुटकेची जागा ठेवून

सापाला स्वतःचं शरीर तापवता येत नाही. तो जागा बदलून तापमान निवडतो. म्हणजे पेटीत निवडायला दोन टोकं असली पाहिजेत, आणि दोन्ही टोकांना लपायची जागाही. लपण फक्त उबदार बाजूला असेल तर भित्रा साप तापला तरी तिथेच बसून राहतो.

कुठलंही उष्णतेचं साधन थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला ते आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका. तळाखालच्या हीट मॅटचा (विजेवर तापणाऱ्या चटईचा) सेन्सर मॅट आणि पेटीच्या तळाच्या मध्ये हवा. सिरॅमिक हीटर किंवा हॅलोजन वरून असेल तर सेन्सर सापाच्या पाठीच्या उंचीवर, आणि दिव्याभोवती जाळी. हीट मॅटवर जाड बेडिंग घातलं तर वर ऊब पोचत नाही आणि खाली खणत गेलेला साप भाजतो. तापलेल्या पृष्ठभागावरून तो वेळेत उठेलच असं नाही. पृष्ठभागाचं तापमान इन्फ्रारेड तापमापकाने बघा, हवेचं तापमापकाने. ही दोन वेगळी मापं आहेत.

ज्या प्रदेशात दिवस ३० आणि रात्र १२ असा फरक पडतो, तिथे दिवसा बंद राहणारं आणि रात्री पूर्ण ताकदीने चालणारं साधन लागतं. नवखे लोक दुपारी आकडा बघून छोटा हीटर घेतात आणि पहाटे तो पुरा पडत नाही. साधनाची ताकद नेहमी सर्वांत थंड पहाटेवरून ठरवावी. रात्री रंगीत दिव्यांची गरज नाही. अंधारच हवा.

गरम प्रदेशात प्रश्न उलटा. खोली ३४ वर असली की पेटीत थंड बाजू उरतच नाही, मग थर्मोस्टॅट कितीही चांगला असो. अशा वेळी पेटी खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीलगत, शेल्फच्या खालच्या खणात हलवा. पंखा सापाला थंड करत नाही, कारण त्याला घाम येत नाही. पंख्याचा उपयोग कोंदटपणा घालवण्यापुरता. पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या उष्णतेत खोली खरोखर उतरवतो, पण आर्द्रता वाढवतो. दमट उष्णतेत तो फक्त ओल वाढवतो. आणीबाणीला गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून थंड बाजूच्या झाकणावर ठेवता येते, पेटीच्या आत नको. वातानुकूलन असेल तर झोत पेटीवर येऊ देऊ नका, आणि त्याने हवा कोरडी होते हेही धरा.

साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसणं, अस्वस्थपणे काचेला घासत फिरणं, तोंड उघडं टाकणं, मग तोल जाणं हा उष्माघाताचा क्रम. लगेच थंड खोलीत न्या, कोमट-गार उथळ पाण्यात ठेवा आणि पशुवैद्यांना फोन करा. बर्फाचं पाणी नको. काही तासांची थंडी निरोगी साप सहसा सोसतो, पण ३८-४० अंशांत अडकलेला साप तेवढ्या वेळात मरू शकतो.

पायरी ६: खाणं आणि ऋतू

अन्न पचवायला सापाला ऊब लागते. पोटात उंदीर आणि पेटी २० अंशांवर अशी स्थिती झाली तर पचनाआधी अन्न कुजू लागतं आणि साप ते उलटून टाकतो. त्यामुळे थंडीची लाट किंवा वीज जाण्याची शक्यता असेल त्या आठवड्यात खाऊ घालू नका. साप उपाशी राहू शकतो. उलटी झालीच तर किमान दहा ते चौदा दिवस थांबून मग लहान भक्ष्य द्या. गरम दमट हवेत गोठवलेलं भक्ष्य वितळल्यावर झपाट्याने खराब होतं. सापाने घेतलं नाही तर काही तासांत उचलून टाकायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

कॉर्न स्नेकसारख्या समशीतोष्ण जाती हिवाळ्यात मंदावतात. प्रजनन करणारे लोक त्यांना आठ ते बारा आठवडे ८ ते १३ अंशांत शीतनिद्रा देतात. त्याआधी दोन-तीन आठवडे ऊब चालू ठेवून खाणं बंद, म्हणजे पोट पूर्ण रिकामं. केवळ पाळायचा असेल तर हे आवश्यक नाही. धोका असतो तो अर्धवट थंडीचा: खोली १६-१८ अंश, साप ना झोपलेला ना पचवू शकणारा. एकतर नीट उबदार ठेवा, नाहीतर नीट शीतनिद्रा द्या. बॉल पायथन किंवा इतर उष्णकटिबंधीय अजगरांना शीतनिद्रा कधीच नको. बॉल पायथन थंडीत कित्येकदा महिनोन्‌महिने खात नाही, पेटीत सगळं व्यवस्थित असतानाही. दर पंधरवड्याला वजन करा. ते टिकून असेल तर घाई नाही, दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर पशुवैद्य गाठा.

पायरी ७: काय बिघडलंय ते सापावरून ओळखा

सर्वांत प्रामाणिक आर्द्रतामापक म्हणजे टाकलेली कात. ती उजेडासमोर धरा. अखंड, मोज्यासारखी उलटी निघालेली आणि डोक्याच्या जागी डोळ्यांवरची दोन बारीक पारदर्शक भिंगं शाबूत असतील तर महिन्याची आर्द्रता योग्य होती. भिंगाच्या जागी भोक असेल तर ते आवरण डोळ्यावरच राहिलंय. शेपटीचं टोक निघालं नसेल तर तिथे कात आवळून रक्तप्रवाह थांबू शकतो. चिमट्याने ओढू नका. ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलेला डबा, आत शिरण्यापुरतं भोक ठेवून, पेटीत ठेवा. कोरड्या प्रदेशात असा डबा कायमच असावा. सगळी पेटी दमट करण्यापेक्षा हा मार्ग चांगला.

श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडात फेस, मान वर करून बसणं ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणं. बहुतेकदा थंड आणि ओलं एकत्र आल्यावर दिसतात. पोटावर लालसर डाग किंवा फोड म्हणजे ओलं, घाण बेडिंग. पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके बुडालेले दिसले तर माइट्स. उबदार दमट ऋतूत ते फार वेगाने वाढतात, म्हणून त्या महिन्यांत नवा साप आणला तर वेगळ्या खोलीत ठेवा. या तिन्हींत पशुवैद्य हवाच.

पायरी ८: वीज गेली तर

थंड प्रदेशात पेटीला बाहेरून जाड ब्लँकेट गुंडाळा, झरोके सोडून. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पेटीबाहेर लावा. रासायनिक हीट पॅक बंद डब्यात नको, कारण तापताना ते हवेतला ऑक्सिजन वापरतात. गरम प्रदेशात सापाला कापडी पिशवीत घालून, हवेची भोकं पाडलेल्या थर्मोकोलच्या खोक्यातून घरातल्या सर्वांत गार जागी न्या. उन्हात उभ्या गाडीत क्षणभरही ठेवू नका.

पायरी ९: कुलूप

हा मुद्दा हवामानाशी कसा जोडलाय हे फारसं कुणी बोलत नाही. ज्या प्रदेशात सापाला हीटरची गरज पडत नाही, त्याच प्रदेशात सुटलेला साप जगून पिल्लं घालू शकतो. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मी अजगरांचं नेमकं हेच झालं. जानेवारी २०१० च्या थंडीच्या लाटेत त्यांतले पुष्कळ मेले, तरी वसाहत टिकली. अरुबा बेटावर बोआ आणि ग्रान कनारियावर कॅलिफोर्निया किंगस्नेक असेच रुजले आणि तिथल्या पक्ष्या-सरड्यांच्या मुळावर उठले. तेव्हा हवा जितकी अनुकूल, तितकं कुलूप पक्कं. सरकत्या काचांना काच-कुलूप, झाकणाला दोन क्लिपा, वायरींच्या भोकांना रबरी बूच, खोलीच्या दाराखाली पट्टी. आणि पाळणं जमेनासं झालं तर रानात सोडणं हा पर्याय नाही.

सुटलाच तर शोधही हवेप्रमाणे. थंडीत तो फ्रीजमागच्या मोटरीजवळ, वॉटर हीटरखाली, राउटर किंवा टीव्हीच्या मागे सापडतो, कारण उबदार जागा मोजक्याच असतात. उन्हाळ्यात उलट: न्हाणीघरातली मोरी, फरशीलगतचं कपाट, पाण्याच्या पिंपामागची फट. दोन्ही ऋतूंत भिंतीच्या कडेने पिठाची बारीक रेघ ओढून ठेवा आणि दिवे मालवा. सकाळी रेघ कुठे मोडली आहे ते बघून त्या भिंतीपासून शोध सुरू करा.